नामतक्ता, पुढचा हप्ता: दोन चिमाजीअप्पा आणि अडलेली किल्ली

मंडळी, एकाच नावाची ऐतिहासिक माणसं वेगवेगळी ओळखू यावीत म्हणून हा नामतक्ता चाललाय. मागच्या हप्त्यात त्यातले बाजीराव सुटले, माधवराव सुटले. आता पेशवे घराणं हातावेगळं करून शिंदे-होळकरांकडे वळायचं, असा बेत होता. तो बेत चिमाजीअप्पांनी हाणून पाडला. तक्ता अडलाय तो तिथेच. पण नेमका कुठे आणि का, हे आता कळलंय, आणि त्यातून पूर्ण तक्त्याची मांडणीच बदलावी लागणार आहे.

आधी जमलेलं सांगतो, कारण त्याची मजा अजून उतरलेली नाही. पितृनामाची किल्ली, म्हणजे बापाच्या नावावरून माणूस ओळखणं, पेशव्यांना अगदी चपखल बसते. थोरले बाजीराव म्हणजे बाजीराव बल्लाळ, दुसरे म्हणजे बाजीराव रघुनाथ. थोरले माधवराव हे माधवराव बल्लाळ, सवाई ते माधवराव नारायण. आजोबा बाळाजी विश्वनाथ, नातू बाळाजी बाजीराव. आपण ‘पहिला-दुसरा’ असे आकडे लावत बसतो, त्या काळच्या कारकुनांना त्याची गरजच पडली नाही. बापाचं नाव शेजारी लिहिलं की काम भागलं.

एकच खोच होती. ‘बल्लाळ’ म्हणजे बाळाजीच, हे वंशावळीच्या सॉफ्टवेअरला शिकवावं लागलं. नाहीतर ते बल्लाळ नावाचा स्वतंत्र गृहस्थ जन्माला घालतं, आणि थोरले बाजीराव, चिमाजीअप्पा, थोरले माधवराव, नारायणराव असे दोन पिढ्यांतले चौघे त्याची सख्खी मुलं होऊन बसतात. पर्यायी नावांची यादी जोडल्यावर तो बल्लाळ अंतर्धान पावला. ते बघायला फार बरं वाटलं.

आजोबा-नातू रेघाही आता छान दिसतायत. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात नातू झाला, तो बाळाजी. थोरल्या बाजीरावांचं मूळ नाव विसाजी, म्हणजे तेही आजोबांचंच, कारण विसाजी हे विश्वनाथचं रूप. पुढे रघुनाथरावांना १७७५ मध्ये मुलगा झाला, त्यालाही आजोबांचं नाव, पण विसाजी नव्हे, बाजीराव! म्हणजे दोन पिढ्यांत मूळ नाव मागे पडलं आणि चलनातलं नाव हेच वारशाचं नाव झालं. ही गोष्ट तक्त्यावर रेघ ओढेपर्यंत माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. सवाई माधवरावांची रेघ मात्र वेगळ्या रंगात काढलीय, कारण ते नाव काकांचं. थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला गेले, नारायणरावांचा खून १७७३ मध्ये झाला, आणि हा मुलगा १७७४ मध्ये पुरंदरावर वडिलांच्या माघारी जन्मला.

आता चिमाजीअप्पा.

नाव चिमाजी, घरात अप्पा, बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ. हे वर्णन दोन माणसांना शब्दशः लागू पडतं. एक थोरल्या बाजीरावांचे भाऊ, १७३९ मध्ये वसई घेणारे, १७४० मध्ये बाजीरावांपाठोपाठ काही महिन्यांतच गेलेले. दुसरे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ, रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर १७८४ मध्ये जन्मलेले. रघुनाथरावांच्या घरात आधीच्या पिढीतली जोडीच्या जोडीच पुन्हा उभी राहिली. त्यामुळे नात्यावरून जुळवणी करणारा आपला नियम (‘अमक्याचा भाऊ तमका’) इथे साफ आंधळा होतो. वसईचा विजय आणि काशीतला मुक्काम एकाच माणसाच्या खात्यात पडले होते. झाशीच्या राणीचे वडील मोरोपंत तांबे ज्या चिमाजीअप्पांच्या पदरी काशीला होते, ते हे धाकटे. त्यांना वसईच्या अप्पांशी जोडलं की अप्पांचं वय शंभरीपार जातं. सॉफ्टवेअरने ‘वय तपासा’ एवढीच पिवळी खूण दाखवली, तीही कोपऱ्यात.

तुम्ही म्हणाल, मग पितृनाम आहे की. चिमाजी बल्लाळ आणि चिमाजी रघुनाथ, संपला प्रश्न. मीही तेच केलं आणि १७९६ सालापर्यंत सगळं सुरळीत चाललं. पुढची हकीकत जरा सावकाश वाचा, कारण ती एका दमात कळत नाही.

सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये गेले, पोटी मूल नाही. पुढच्या वर्षाच्या राजकारणात परशुरामभाऊ पटवर्धन आणि मंडळींनी धाकट्या चिमाजीला सवाई माधवरावांची विधवा यशोदाबाई यांच्या मांडीवर दत्तक दिलं आणि पेशवाईची वस्त्रं त्याच्या नावे आणली. झालं! पितृनाम बदललं. चिमाजी रघुनाथचा चिमणाजी माधवराव झाला, आणि याद्यांमध्ये तो याच नावाने सापडतो. म्हणजे ज्या किल्लीवर माझा भरवसा होता, ती एका संस्काराने फिरवली.

आता नातं मोजा. रघुनाथराव हे नानासाहेबांचे, म्हणजे बाळाजी बाजीरावांचे भाऊ, सवाई माधवराव नानासाहेबांचे नातू. म्हणजे रघुनाथरावांचा मुलगा चिमाजी हा सवाई माधवरावांचा चुलत काका, वयाने मात्र दहा वर्षांनी लहान. तर पुतण्याला काका दत्तक गेला! आणि सख्खा थोरला भाऊ बाजीराव दत्तकाच्या नात्याने धाकट्याचा चुलत आजोबा झाला. मी हे कागदावर तीन रंगांत काढून पाहिलं तेव्हा कुठे पटलं. वर्ष सरायच्या आत फासे पुन्हा उलटले, डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव गादीवर आले आणि चिमाजी पुन्हा भाऊ.

सॉफ्टवेअरची या प्रसंगी काय अवस्था झाली ते बघण्यासारखं होतं. दत्तकाची सोय त्यात आहे, नाही असं नाही. पण पिढीचा क्रमांक ते बापावरून मोजतं, आणि याला दोन बाप दोन वेगवेगळ्या पिढ्यांतले. मग आकृतीत चिमाजी एकदा बाजीरावांच्या शेजारी आणि एकदा दोन पायऱ्या खाली असे दोनदा उगवले, मध्ये भलीमोठी तिरकी रेघ. एक चौकट पुसली की दोन्ही जातात. या सॉफ्टवेअरबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: नाव आणि आडनाव असे दोनच खण धरून ते बांधलंय, आणि आडनावाचा खण रिकामा ठेवला की कुरकुर करतं. आपल्याकडच्या जुन्या नोंदींत आडनाव हा सगळ्यात निरुपयोगी खण. पेशव्यांसमोर ‘भट’ लिहून कुणाला काय सापडणार? शोधायला उपयोगी पडतो तो बाप आणि घरगुती नाव.

यावर साध्या स्प्रेडशीटकडे परत जाण्याचा विचार गंभीरपणे केला. अक्षरांचा घोळ तिथेही चुकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ‘बऱ्हाणपूर’ दोन तऱ्हांनी टंकता येतं, एक ‘ऱ’ घेऊन आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र दोन गावं. ‘कऱ्हाड’चंही तेच. स्थळांचा स्तंभ भरण्याआधी एकच कळफलक ठरवून टाका आणि दुसऱ्याच्या यादीतून आलेलं सगळं शोधा-बदला करून घ्या. हा उपाय फुकट आहे आणि कुठल्याही महागड्या साधनापेक्षा जास्त उपयोगी आहे.

तर चिमाजीवर तोडगा. पहिला विचार होता की वसईचे अप्पा आणि काशीचे अप्पा अशी गावं लावून मोकळं व्हावं. वाचणाऱ्याला ते सोपं जाईल, पण तक्त्याला नाही, कारण पुढच्या माणसाला पुन्हा नवा नियम शोधावा लागणार. दुसरा विचार जन्मसालाचा, म्हणजे चिमाजी १७८४. रुक्ष आहे, आणि जुन्या मंडळींची जन्मसालं वादाची असतात, त्यामुळे किल्लीच डळमळीत.

आणि हे लिहितानाच तिसरी गोष्ट सुचली, तीच आता करणार आहे. नाव हा माणसाचा गुण म्हणून न ठेवता घटना म्हणून ठेवायचं. लग्न, मृत्यू, स्वारी यांना जशी तारीख असते तशी नावालाही. नाव काय, कोणत्या कारणाने (बारसं, दत्तक, राज्यारोहण, लग्न, घरगुती), कधीपासून, कधीपर्यंत. माणसाला मात्र बिननावाचा नुसता क्रमांक. मग चिमाजींची नोंद अशी होते: १७८४ पासून चिमाजी रघुनाथ, कारण बारसं. १७९६ मधले काही महिने चिमणाजी माधवराव, कारण दत्तक. पिढी मोजायची ती फक्त बारशाच्या बापावरून. दत्तकाची रेघ तुटक, तिने कुणाची पायरी बदलत नाही. चाचणीपुरतं पेशव्यांवर लावून पाहिलं, तर तिरकी रेघ गेली आणि चिमाजी एकदाच, आपल्या जागी बसले!

याने आणखी किती कुलपं उघडतात ते बघा. सातारचे शाहू महाराज १६८२ मध्ये जन्मले तेव्हा त्यांचं नाव शिवाजी, म्हणजे ते दोन्ही नावांच्या पानांवर आले पाहिजेत. राजर्षी शाहू हे कागलचे यशवंतराव घाटगे, शाहू झाले १८८४ च्या दत्तकविधानात. बडोद्याचे सयाजीराव हे कवळाण्याचे गोपाळराव, नाव बदललं १८७५ मध्ये. आतापर्यंत मी या सगळ्यांना ‘मूळ नाव’ नावाच्या एका शेऱ्यात कोंबत होतो, आणि शेऱ्यात शोध लागत नाही.

आता ‘नाना’, ज्याला मी चिमाजीच्या आधी हात लावणार होतो. बरं झालं नाही लावला. बाळाजी बाजीराव पेशवे हे नाना. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे फडणीस, हेही नाना. नाव तेच, घरगुती नाव तेच, आणि काही वर्षं दोघे एकाच दरबारात, एक धनी आणि एक कोवळ्या वयाचा फडणीस. त्याहून गंमत दोन पिढ्या मागे आहे. फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव आणि पेशव्यांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीला बरोबर होते, आणि बाळाजी महादेव तिथल्या दंग्यात मारले गेले. दोन बाळाजींचे दोन नातू, दोघेही बाळाजी, दोघेही नाना. तिसरे नानासाहेब म्हणजे दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ मध्ये दत्तक घेतलेले धोंडोपंत, त्यांची पाळी १८५७ च्या पानावर. घरगुती नावालाही काळाची चौकट दिली की जून १७६१ नंतरच्या पुणे दरबारातल्या ‘नाना’ला आपोआप एकच उमेदवार उरतो, कारण पेशवे तेव्हा गेले. अगदी सगळ्या नोंदी नाही सुटत, पण ढीग बराच खाली येतो.

याच रांगेत भाऊ. सदाशिवराव भाऊ पानिपतावर पडले आणि पुढे सुखनिदान नावाच्या माणसाने ‘मीच भाऊ’ म्हणून दावा मांडला. १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. जुन्या मांडणीत तोतयाला जागाच नव्हती, कारण तो सदाशिवराव नव्हता आणि नोंदींत तर त्याच नावाने वावरतो. आता नाव-घटनेच्या कारणांत ‘दावा’ हा एक प्रकार वाढवलाय. पूर्ण तक्त्यात सध्या एकटा सुखनिदान त्या खणात आहे. मला तो खण फार आवडलाय.

छपाईबद्दल थोडक्यात. मोठ्या कागदावरचा नमुना छापून घेतला, तर छापणाऱ्याकडे फॉन्ट नसल्याने जोडाक्षरं फुटली आणि ‘त्र्यंबक’ वाचण्यापलीकडे गेला. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच द्या, आणि आधी फक्त त्र्यंबकाची चौकट छापून मागा. ती नीट आली की बाकी सगळं येतं.

शिंदे-होळकर मी पुढे ढकलतोय. मल्हारराव, तुकोजी, जनकोजी ही मंडळी कुठे पळून जात नाहीत. नाव-घटनेची खरी परीक्षा बायकांच्या नावांत आहे, कारण तिथे लग्नात नाव बदलणं हाच रिवाज, आणि आपण सगळे सासरच्या नावावर याद्या करत बसलोय. ‘रमाबाई’ हे पान मी मागेच सुरू केलं होतं: माधवरावांच्या रमाबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, रमाबाई आंबेडकर. ते पान आता बाजूला, त्याऐवजी ‘यमुना’ उघडतोय. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. आनंदीबाई जोशीही माहेरी यमुनाच. एक १८६२ ची, एक १८६५ ची. सासरच्या नावाने यांची पानं कधी शेजारी आली नसती. तक्त्याने हे दोन क्रमांक आपणहून एकाखाली एक आणले तेव्हा मी बाकीचं काम थांबवून तेवढंच बघत बसलो.

तुमच्याकडून एक हवंय. ‘बल्लाळ म्हणजे बाळाजी’ तशा जोड्यांची यादी वाढवतोय. सध्या विसाजी-विश्वनाथ, राघो-रघुनाथ, त्रिंबक-त्र्यंबक, चिमाजी-चिमणाजी आहेत. ‘महादजी’ मुद्दाम बाहेर ठेवलाय, कारण बाळाजी महादेवांच्या बाबतीत तो महादेवाकडे जातो आणि पाटीलबाबा म्हणजे महादजी शिंद्यांच्या बाबतीत माधवरावाकडे. एकाच रूपाला दोन मूळ नावं लावायची तर काळाबरोबर घराणंही अट म्हणून घालावं लागेल, आणि ते सूत्र माझ्याकडून अजून नीट चालत नाहीये. कुणी लिहिलं असेल तर चिकटवा.