बोटांनी पाहिलेली नर्तकी

आजचा अख्खा दिवस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेला. आम्ही स्वयंसेवक आणि सोबत दृष्टिहीन कॉलेजकुमारांचा गट. अशा फेरीत 'हे बघा, ते बघा' चालत नाही. आधी जागा सांगायची: आपण घुमटाखाली आहोत, म्हणून आवाज घुमतोय. इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच.

मग पिशवीतून मोहेंजोदडोच्या नर्तकीची प्रतिकृती काढली. मूळ ब्राँझची मूर्ती दिल्लीत आहे, उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. एका मुलीने ती तळहातावर घेतली आणि बोटं सावकाश फिरवली. "ताई, डाव्या हातात दंडापर्यंत बांगड्या, उजव्यात चारच? आणि उजवा हात कमरेवर! काय तोरा आहे हिचा!" मी काहीच सांगितलं नव्हतं. काचेआडून ती मूर्ती बघून पुढे सरकणारे आपण एवढं कुठे टिपतो?

घाई मात्र अजिबात करायची नाही. चार दालनं कमी झाली तरी चालतील, पण प्रत्येकाच्या हातात वस्तू पुरेसा वेळ राहिली पाहिजे. पुढच्या फेरीत कर्णबधिर पाहुणे येणार आहेत. सांकेतिक भाषा येणारं कुणी ओळखीचं असेल तर मला मेसेज करा, मनापासून हवंय.