सोडियम ११४

मे महिन्यातली दुपार. रावेरकडे केळीच्या बागेत निंदायला गेलेल्या साठीच्या मावशींना मुलगा रिक्षातून घेऊन आला. वाटेत एकदा आकडीचा झटका येऊन गेलेला. "ऊन लागलं डॉक्टर, लवकर सलाईन लावा."

अंगात ताप ९९. उष्माघातात तो १०४ च्या वर जातो. जीभ ओली, बीपी ठीक, साखर १२६. मावशी डोळे उघडायच्या, पण विचारलं एक की उत्तर भलतंच. रक्तातलं सोडियम आलं ११४; हवं १३५ ते १४५. पोटॅशियम मात्र ठीक, ३.८, केळ्यांची कृपा म्हणायची.

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. उन्हात भरपूर पाणी प्यायचं म्हणून सकाळपासून सात-आठ लिटर साधं पाणी, खायला नुसती केळी, आणि बीपीसाठी महिनाभरापूर्वी सुरू झालेली क्लोरथॅलिडोनची गोळी. ही गोळी लघवीवाटे सोडियम काढते, वर लघवी पातळ करण्याची मूत्रपिंडाची ताकदही कमी करते. घामामुळे मेंदूकडून पाणी राखून ठेवणारं एडीएच हे संप्रेरक सुटतं ते वेगळंच. प्यालेलं पाणी बाहेर पडायला वाटच उरली नाही. ते मेंदूच्या पेशींत शिरलं, आणि कवटीत फुगायला जागा नसते.

सलाईन लावलं, पण ३ टक्के मिठाचं: १०० मिली, दहा मिनिटांत. मग आणखी एकदा. सोडियम ११८ झालं, मावशींनी मुलाला नावानं हाक मारली. तिथेच हात आखडता घेतला. पहिल्या २४ तासांत ८ पेक्षा जास्त चढवायचं नाही, म्हणजे १२२ ही हद्द. त्यापुढे घाई केली तर मज्जातंतूंचं आवरण तुटतं आणि शुद्धीवर आलेल्या माणसाचं बोलणं, गिळणं चार दिवसांनी जातं.

खरी कसोटी रात्री होती. दहा वाजता तासाभरात ३०० मिली लघवी, पाण्यासारखी स्वच्छ. नवशिक्या डॉक्टरला हे बघून हायसं वाटतं. प्रत्यक्षात एडीएच थांबलेलं असतं, शरीर नुसतं पाणी फेकतं आणि सोडियम आपोआप उसळतं. ताबडतोब ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे मीठ नसलेलं साखरेचं सलाईन, सुरू केलं, दर दोन तासांनी सोडियम पाहिलं. सकाळी १२१.

बीपीची गोळी बदलून अ‍ॅम्लोडिपिन दिली. जुन्या गोळीची उरलेली पाकिटं मुलाकडून मागून घेतली.