मुलींचंच कॉलेज

१२ जुलै, रात्र. शहापूर, बेळगाव

सकाळपासून झड लागलीय. कपडे दोरीवर तिसऱ्या दिवशीही दमटच.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "एवढी लांब अमेरिकेला गेलीस आणि तिथंपण पोरींच्याच कॉलेजात? ते इथंपण होतं की गे." त्यांनी खोचून विचारलं नव्हतं, त्यांना खरंच कोडं पडलं होतं. मी आनंदीबाई जोशींचं नाव काढलं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियातल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातूनच, आणि माझं ब्रिन मॉर कॉलेज त्याच शहराच्या कडेला, लोकलनं अर्ध्या तासावर. काकूंना ते पटलं. मला मात्र माझं उत्तर अपुरं वाटत राहिलं.

त्यांना खरं तर पाकिटाबद्दल सांगायला हवं होतं.

बारावीला गणिताचा पेपर चालू असताना एका बाईंनी मला उभं करून सगळ्या वर्गासमोर माझी ओढणी झटकली होती. कागद काही सापडला नाही. त्या पुढच्या बाकाकडे गेल्या, आणि माझी पुढची दहा मिनिटं आकडे नुसते बघण्यात गेली. ब्रिन मॉरला पहिल्या डिसेंबरात कॅल्क्युलसचा पेपर एका पाकिटात हातात मिळाला. बऱ्याच विषयांचं तिथं असंच असतं. आठवड्यात कधी बसायचं ते आपण ठरवायचं, सुपरवायझर नाही, वेळ संपली की पेन आपणच खाली ठेवायचं. माझं शेवटचं गणित अर्ध्यावर होतं. उत्तर दिसत होतं, दोन ओळींचं काम. घड्याळ बघितलं आणि पेन ठेवलं. बाहेर बर्फ पडत होता, मी जिन्यात बसून रडले. गणित राहिलं म्हणून नाही. माझ्यावर एवढा भरवसा याआधी कुणी टाकलाच नव्हता.

निकालानंतर मार्क कुणी कुणाला विचारत नाही, तीही तिथली रीतच. आमच्या गल्लीत मार्कशीट माझ्याआधी चार घरं फिरून येते.

वर्गात शेजारच्या हॅवरफर्ड कॉलेजची मुलंही येऊन बसतात, तेव्हा मुलगे नाहीत असंही नाही. पण कॉलेज आपलं आहे हे जाणवत राहतं. हात वर करताना आता मी मागं वळून बघत नाही. आणि एक गंमत म्हणजे माझं कन्नड बेळगावात अडखळायचं ते तिथं सुटलं. वरच्या मजल्यावर हुबळीची एक मुलगी आहे. "ऊट आयता?" विचारत ती रोज दार वाजवते. इथं पाटी कुठल्या भाषेत यावर आयुष्य गेलेली माणसं आहेत, तिथं आम्ही दोघी एका डब्यातली शेंगाचटणी पुरवून पुरवून खातो.

आणि गणितज्ञ एमी नोएथर! जर्मनीत गॉटिंगेन विद्यापीठात सुरुवातीला तिची व्याख्यानं हिल्बर्ट या तिथल्या गणिताच्या प्राध्यापकाच्या नावावर लागायची, कारण बाईला तो अधिकार नव्हता. पुढं नाझींनी तिची नोकरीच घेतली आणि १९३३ साली ती ब्रिन मॉरला आली. दीडच वर्षं मिळालं तिला, १९३५च्या एप्रिलमध्ये गेली. तिच्या अस्थी जुन्या लायब्ररीच्या चौकातल्या फरसबंदीखाली आहेत. त्याच चौकात लँटर्न नाइटला दुसऱ्या वर्षाच्या मुली पहिल्या वर्षाच्या मुलींना लोखंडी कंदील देतात. अंधारात, काळे झगे घालून, ग्रीक गाणी म्हणत. माझ्या कंदिलाच्या काचा गडद निळ्या आहेत. तो हातात घेऊन उभी होते तेव्हा पायाखाली कोण आहे हे मला ठाऊक होतं.

काकू गेल्यावर हे सगळं आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. मला नेहमी वाटायचं, आईचं कॉलेज म्हणजे कुंपण. आजोबांची अटच होती, मुलींचं असेल तरच खानापूरहून बेळगावला पाठवीन, नाहीतर बारावी बास. मी तसं म्हटलंही. आईनं सुरी खाली ठेवली.

"अट होती खरी. पण मी खो-खोची कप्तान होतो गे." (आई अजून 'मी होतो' म्हणते. घरी आल्यावर दोन दिवसांत माझंही तसंच होतं.) गाऊनची बाही वर करून तिनं कोपरावरचा पांढरा व्रण दाखवला. खांबाजवळ सूर मारला होता, शेवटची गडी बाद झाली होती. मी तो व्रण लहानपणापासून बघत आलेय आणि भाजल्याचा समजत होते. "लाल बसमधून उतरलं की डोईवरचा पदर कमरेला. तिथं आम्हाला कोण बघणार होतं? मैदान आमचंच."

मग तिनं विचारलं, तुमच्यात ओरडायला काय असतं? मी 'अनासा काटा' ही आमच्या कॉलेजची ग्रीक आरोळी म्हणून दाखवली, अख्खं, शेवटी तीनदा ब्रिन मॉर. तिनं दोनदा म्हणून घेतलं. आणि मग उभी राहून, लसणाच्या हातांनीच टाळी देत, तिच्या संघाची आरोळी अशी काही ठोकली की पावसातूनही पलीकडच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला, "काय झालं गे?"

"काही नाही," आई म्हणाली, "कॉलेज!"