लय तीच, पट्टी चढती

पूर्व लंडनमधील ज्या छोट्या स्टुडिओत मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो, तिथे गेल्या हिवाळ्यात एक नृत्यदिग्दर्शिका आपल्या नव्या प्रयोगाचे संगीत बांधून घेण्यासाठी आल्या होत्या. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, वाद्यही वाजवता येत नव्हते. मात्र आपल्याला काय हवे आहे याविषयी त्यांच्या मनात तसूभरही संदिग्धता नव्हती. त्यांनी एका पायाने एकसारखा ठेका धरला आणि त्याच वेळी उजवा हात कमरेपासून हळूहळू डोक्याच्या वर नेला. ड्रम वर चढत गेले पाहिजेत, पण त्यांची चाल वाढता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते.

ती खूण पाहताच मला गोल्डी या ब्रिटिश संगीतकाराचा १९९२ सालचा ‘टर्मिनेटर’ हा ट्रॅक आठवला. टेपचा किंवा सॅम्पलरचा, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राचा, वेग वाढवला की आवाजाची पट्टी चढते आणि लयही वाढते. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. ‘टर्मिनेटर’मध्ये ईव्हेन्टाइड हार्मोनायझर हे पट्टी बदलणारे यंत्र वापरून ती गाठ सोडवली गेली, आणि पट्टी चढत असतानाही लय जागची हलली नाही. १९९५ साली आलेल्या गोल्डीच्या ‘टाइमलेस’ या अल्बममागे हाच कान होता. ब्रिटनच्या अल्बमांच्या यादीत तो सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि तोवर क्लबांपुरते मानले जाणारे ड्रम अँड बेस हे वेगवान ड्रमचे नृत्यसंगीत घराघरांत ऐकले जाऊ लागले. गोल्डी मूळचा भिंतींवर ग्राफिटी काढणारा चित्रकार. तो मनातला आवाज बोलून दाखवी आणि मूव्हिंग शॅडो या लेबलचा संस्थापक रॉब प्लेफर्ड यंत्रांवर तो प्रत्यक्षात उतरवी. या अल्बमविषयी बोलताना प्लेफर्डचे नाव फार घाईने उरकले जाते, असे मला नेहमी वाटत आले आहे, आणि त्या दिवशी मी त्याच्याच जागी बसलो होतो.

सकाळी एका तरुण ड्रमरकडून आम्ही काही आवर्तने वाजवून घेतली होती. संगणकावर पट्टी चढवणे क्षणाचे काम होते, पण ऐकताच बाईंनी मान हलवली. आवाज गुळगुळीत होता. चढताना लागणारा दम त्यात ऐकू येत नव्हता. म्हणून मी कपाटातला अकाई एस-१००० बाहेर काढला. १९८८ साली बाजारात आलेल्या या सॅम्पलरमध्ये मूळची स्मृती अवघी २ मेगाबाइट असते, म्हणजे एकेरी (मोनो) आवाजाचे जेमतेम २३ सेकंद. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचे एक आवर्तन दीड सेकंदाचे होते, हे लक्षात घेतले तर एवढ्या जागेत पुष्कळ काही मावते, परंतु काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे आधीच ठरवावे लागते.

या यंत्रावर पट्टी चढवण्याची रीत उलटी आहे. प्रथम तुकडा ताणून लांब करायचा, आणि मग तो वरच्या सुरावर वाजवायचा, म्हणजे वाढलेल्या वेगाने त्याची लांबी पुन्हा पूर्वीइतकी होते. चार अर्धस्वर चढण्यासाठी तुकडा मूळच्या १२६ टक्के करावा लागतो, आणि मधल्या प्रत्येक पायरीसाठी वेगळी प्रत करावी लागते. ताणताना यंत्र आवाजाचे बारीक कण करून त्यांतले काही पुन्हा जोडते. कण लहान धरले तर धातूसारखी झणझण येते, मोठे धरले तर टिपरी दोनदा पडल्यासारखी वाटते. आकडा घालायचा, यंत्राचे काम संपेपर्यंत थांबायचे आणि मगच ऐकायचे. त्या थांबण्यात कान आपोआप पुढचा विचार करू लागतो, आणि त्या काळच्या ड्रममध्ये जो नेमकेपणा आहे त्याचा उगम मला तिथे सापडला. तिसऱ्या पायरीला झणझण आली तेव्हा बाई उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात पुन्हा वर गेला.

दुपारनंतर प्रश्न आला तो लांबीचा, कारण त्यांचा प्रयोग दीर्घ होता आणि इतके वेगवान ड्रम सतत ऐकून प्रेक्षक थकण्याची भीती होती. मी त्यांना ‘टाइमलेस’चे २१ मिनिटांचे शीर्षकगीत सलग ऐकवले. ‘इनर सिटी लाइफ’ हा त्याचाच भाग. त्यात ड्रम धावत असतात, बेस त्यांच्या निम्म्या गतीने चालतो, जणू एकाच ठेक्यावर बरोबरीची आणि दुगुण एकाच वेळी चालू आहेत, आणि या दोहोंच्या वर गायिका डायान शार्लमेनचा आवाज कसलीही घाई न करता पसरत जातो. नर्तकाला यांपैकी कोणत्याही गतीवर पाऊल टाकता येते. बाईंनी लगेच नर्तकांचे दोन गट कल्पिले, एक ड्रमवर आणि एक बेसवर, आणि आम्ही बेसची ओळ त्याप्रमाणे मोकळी केली.

काम संपताना ड्रमरने विचारले की हे सारे ज्याच्या वादनावरून सुरू झाले तो कोण होता. ड्रम अँड बेसमध्ये आणि त्याच्या आधीच्या जंगल या शैलीत अगणित वेळा कापला गेलेला तो जेमतेम सात सेकंदांचा तुकडा द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ सालच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यातला, आणि वाजवणारा ग्रेगरी कोलमन. त्याला त्या वापराचा मोबदला कधीच मिळाला नाही. २००६ साली तो बेघर अवस्थेत वारला. हे ऐकल्यावर बाईंनी करारनामा मागवला, आणि ड्रमरचे नाव व प्रत्येक प्रयोगामागे त्याचा हिस्सा त्यात लिहून झाल्यावरच आम्ही स्टुडिओ बंद केला.