शिरा

परवा दुपारी दोडकी सोलत होतो. दोनच होती, पण चांगली हातभर लांब. शिरा निघत होत्या आणि ओट्यावर पसरलेल्या कालच्या पेपरावर पडत होत्या. सोलून झाल्यावर पेपराची चार टोकं जुळवली, कचऱ्याच्या डब्याची पट्टी पायाने दाबली, झाकण उघडलं, आणि हात काही पुढे जाईना. एक पाय पट्टीवर, हातात पुरचुंडी, असा मी बराच वेळ उभा होतो म्हणे. म्हणे अशासाठी, की हे मला भांडी घासायला आलेल्या मावशींनी सांगितलं. "टाकायच्यात का ठिवायच्यात, एक काय ते ठरवा दादा. झाकण मोडंल."

ठेवल्या.

नोकरीतून जरा लवकर बाहेर पडल्यापासून आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. बायकोची अजून सहा वर्षं बाकी आहेत. त्यामुळे भाजी मी आणतो, मीच चिरतो आणि खर्चाच्या वहीतही मीच लिहितो. दोडका त्या दिवशी वीस रुपये पाव होता. घासाघीस करायची नाही असं ठरवून गेलेलो असतानाही "पंधराला नाही का?" असं तोंडातून निघून गेलं, आणि भाजीवाल्याने माझ्याकडे न बघता पुढच्या गिऱ्हाइकाची मेथी काढायला घेतली.

दोडका आपली आवडती भाजी आहे, असं सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. "आज काय भाजी?" "दोडका." यानंतर घरात जी शांतता पसरते ती मी तीन पिढ्या ऐकत आलोय. लाडका आणि दोडका ही जोडी लावताना त्या दोडक्याचा या भाजीशी काही संबंध होता की नाही ते मला ठाऊक नाही, पण लहानपणी आम्ही तो धरूनच चाललो होतो. कोकणात मात्र याला शिराळं म्हणतात. तिकडच्या लोकांना त्यातलं खरं काय ते कळलेलं दिसतं.

आम्ही सोलापूरचे. भवानी पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, आणि वाड्याच्या मागच्या अंगाला माग. चादरी, टॉवेल. सकाळी सुरू झालेली खटखट रात्रीपर्यंत चालायची, आणि घरातलं सगळं बोलणं तिच्या वरच्या पट्टीत. मी अजून फोनवर ओरडून बोलतो, शेजारी वैतागतात, त्याचं मूळ तिथं आहे. वीज गेली की माग एकदम थांबायचे आणि मग कुठल्या घरात काय चाललंय ते सगळं ऐकू यायचं. कुणाचा स्टोव्ह, कुणाचं भांडण, कुणाचा खलबत्ता.

मी दुसरीत असेन. वाड्याच्या दारात गोट्या खेळत होतो. आतून आईने काहीतरी हाक मारून सांगितलं. पुढे कळलं की ते "तव्यावर शिरा टाकल्यात, लांब जाऊ नको" असं होतं. मागाच्या खटखटीत मला त्यातला एकच शब्द ऐकू आला. शिरा! एरवी तो शब्द आमच्याकडे सत्यनारायण आणि पाहुणे या दोनच कारणांनी निघायचा. मी गोट्या खिशात टाकल्या आणि शेजारच्या मित्राला मोठ्या मनाने म्हणालो, "चल बे, आमच्यात शिराय."

आम्ही दोघं हातपाय धुऊन, न सांगता मांडी घालून बसलो. हे पाहूनच आईला संशय यायला हवा होता. तिने दोन ताटल्या पुढे केल्या. अर्धी अर्धी भाकरी, आणि कडेला हिरवट काळसर, कोरडं, गवताच्या चुऱ्यासारखं काहीतरी.

"शिरा?" मी विचारलं.

"शिराच की. दोडक्याच्या." मग माझं तोंड बघून तिला उलगडा झाला आणि ती जी हसायला लागली, ती पदराने डोळे पुसेपर्यंत. "अरे, पंचवीस तारखेला कुठला रे गोडाचा शिरा?"

मित्र मात्र खाली मान घालून खात होता. त्याचं घर तेलुगू, पद्मशाली. आमच्या त्या भागात निम्मी घरं तशीच होती. वडील मागावर. तो बोटं चाटून म्हणाला, "आमची अम्मा पण करते की. पोट्टू पच्चडी." त्यांच्यात दोडका म्हणजे बीरकाया, सालीला पोट्टू आणि चटणीला पच्चडी. अम्मा त्यात हरभऱ्याची डाळ तळून घालायची, चिंच घालायची, ओलसर वाटायची आणि वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्यायची. वाड्यात एक कानडी घरही होतं. त्यांचं हीरेकाई. म्हणजे आमच्या वाड्यातल्या तीन भाषांनी दोडक्याला तीन नावं ठेवली होती, पण शिरा कोणीच टाकत नव्हतं.

आईची चटणी कोरडी. आधी दोडक्याच्या देठाकडची एक चकती कापून ती माझ्या हातावर ठेवायची. चाख. कडू निघाला तर अख्खा दोडका शिरांसकट बाहेर, त्यात दयामाया नाही. कडू दोडका पोटात गेला तर चांगलाच बाधतो, त्यातल्या त्या कडू द्रव्याला कुकुर्बिटासिन म्हणतात, हे मी फार पुढे वाचलं. तेव्हा एवढंच वाटायचं की जुन्या राजांकडे जेवण आधी चाखणारा माणूस असायचा तसा आमच्या घरात मी आहे. त्या पदाचं मला भूषण होतं. राजाने कुणाला का चाखायला बसवलं असेल हा विचार तेव्हा शिवला नाही.

मग विळीवर शिरा बारीक चिरायच्या. उभ्या लांब ठेवल्या तर दातात दोऱ्यासारख्या अडकतात. लोखंडी तव्यावर चमचाभर तेल, त्यात शिरा, आणि आंच इतकी बारीक की आहे की नाही ते वाकून बघावं लागावं. इथे घाई करणाऱ्याने या भानगडीत पडू नये. सुरुवातीला तवाभर ढीग दिसतो आणि ओला चरचर आवाज येतो. दहा मिनिटांनी आवाज बसतो. शिरा मऊ पडतात, एकमेकींना चिकटतात, आणि सगळं फसलं असं वाटायला लागतं. हलवत राहायचं. मग कधीतरी उलथन्याखाली खसखस वाजायला लागतं, वाळल्या पानांवरून कुणी चालावं तसं. तवाभर ढिगाचं आता ओंजळभरही राहिलेलं नसतं. त्या आवाजाला तवा उतरवायचा. अर्धं मिनिट उशीर झाला की करपट वास, आणि तो वास मग मिरची-लसणालाही झाकता येत नाही.

पुढे काय पडायचं ते तारखेवर होतं. पगाराच्या आठवड्यात सुकं खोबरं. दहाच्या पुढे तीळ आणि शेंगा. (शेंगदाण्यांना आम्ही शेंगाच म्हणतो, सोललेल्या असल्या तरी.) विसाच्या पुढे कारळं, कारण ते स्वस्त. आणि अगदी अठ्ठावीस-एकोणतीस आली की नुसतं लसूण, मिरची, मीठ. खलबत्त्यात कुटून वाटीत आलेल्या चटणीकडे बघून मला तारीख सांगता आली असती. गंमत म्हणजे सगळ्यात चवदार व्हायची ती विसाच्या पुढची, कारळ्याची. खोबऱ्याची चटणी गोडसर, पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखी. कारळ्याला एक उग्र, कडवटाकडे झुकणारा खमंगपणा असतो, तो शिरांच्या हिरव्या चवीला बरोबर भिडतो. हे बायकोला पटत नाही. ती पुण्याची. या चटणीत तिला चिमूटभर साखर लागते. पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही बऱ्याच गोष्टींवर तोडगे काढले, या साखरेवर निघालेला नाही. दोन वाट्या वेगळ्या काढतो.

एकदा आजीसमोर मी मोठ्या कौतुकाने म्हणालो होतो, की आपल्याकडे कसं, काही वाया जात नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, अशी वाक्यं सुचायचं वय. आजी मंगळवेढ्याकडची. ज्वारीचा मुलूख, काळी जमीन, पाऊस पडला तर दाणे ठेवायला जागा नाही आणि नाही पडला तर काहीच नाही. 1972 च्या दुष्काळात ती आणि आजोबा खडी फोडायच्या कामावर होते. कामावर सुकडी मिळायची, रेशनला मिलो. ती अमेरिकेची लाल ज्वारी. तिच्या पिठाला विरी नसायची, भाकरी थापताना कडेने फाटत जायची, असं आजी सांगायची, म्हणजे विचारलं तर. आपण होऊन कधी नाही. माझं वाक्य ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वाया जायला असावं लागतंय आधी." आणि उठून शेळीला पाला घालायला गेली.

शेळीला घातला तो मुळ्याचा पाला होता. पुण्याला आल्यावर मी त्याची भाजी खाल्ली, चांगली लागते.

तर परवा. शिरा ठेवल्या म्हटल्यावर करणं आलं. मिक्सर काढणार नव्हतो. मिक्सरमध्ये या चटणीचं पीठ होतं, मग ती कशाचीही चटणी असू शकते. माळ्यावरून खलबत्ता काढला, पुसला. कारळं घरात नव्हतं, म्हणून खाली जाऊन आणलं. शंभर ग्रॅम मागितलं तर दुकानदार म्हणाला पाव किलोचं पाकीट आहे, सुटं नाही. घेतलं. खोबरंही थोडं घेतलं, तिच्या वाटीसाठी. मग बारीक आंचेवर उभा राहिलो. त्यात जवळजवळ चाळीस मिनिटं गेली. मधे कुरिअरवाला आला तेव्हा मावशींना तव्याशी उभं केलं आणि "हलवत राहा, आवाज ऐका" असं सांगून गेलो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सोडून द्या.

संध्याकाळी वहीत लिहायला बसलो तेव्हा जरा पंचाईत झाली. शिरा: शून्य. इथवर ठीक. पण कारळ्याचं पाकीट, खोबरं, लसूण, तेल आणि चाळीस मिनिटांचा गॅस, हे मिळून दोडक्यांच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेलं होतं. बायको बँकेत आहे. ती आकड्यांवरून नजर फिरवून एवढंच म्हणाली, "फुकटच्या शिरा महागात पडल्या की."

मग आईला हे कसं परवडायचं? रॉकेल रेशनचं, मोजून मिळणारं. त्यावर ती चाळीस मिनिटं स्टोव्ह जाळणं शक्यच नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आठवलं. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की ती स्टोव्ह बंद करायची, आणि मग शिरा टाकायची. विझलेल्या स्टोव्हवर, तापलेल्या लोखंडी तव्यात. आम्ही जेवायला बसायचो तेव्हा तव्यात नुसत्याच पडलेल्या असायच्या, मधून मधून ती डाव्या हाताने उलथनं फिरवायची. वात बारीक करून पाच मिनिटं काय ती शेवटी. मी इतकी वर्षं चटणीत काय काय पडतं तेवढंच लक्षात ठेवलं होतं. विझलेला स्टोव्ह माझ्या डोक्यातून साफ गेला होता, आणि आता विचारायला ती नाही.

असो. चटणी झाली होती उत्तम. रात्री आम्ही दोघं जेवायला बसलो. भाकऱ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणल्या होत्या, माझ्या अजून फुगत नाहीत. ताक होतं, कांदा फोडला होता. तिने स्वतःच्या वाटीतली चटणी घेतली, मग माझं लक्ष नाही असं बघून माझ्या वाटीतली घेतली. मी काही बोललो नाही. पंचवीस वर्षांत एवढं शिकलोय. दुसरी भाकरी अर्धी झाल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं.

"भाजी कुठंय?"

"कुठली?"

"दोडक्याची."

दोडकी ओट्यावर होती. सोललेली, पोह्यांच्या ताटाखाली झाकलेली. दुपारपासून त्यांच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं.

उद्या करू म्हणून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी बाहेर जेवण होतं. तिसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडे कोवळा घेवडा दिसला. आज चौथा दिवस. दोडकी टोकाकडून मऊ पडायला लागलीत, आणि डबा उघडला की किंचित वासही येतो. मघाशी मावशींनी फ्रीज पुसायला काढला तेव्हा तो डबा हातात धरून त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, ह्ये टाकायचं का ठिवायचं?"

सांगतो म्हणालो.