भेटीच्या वेळेबाहेर

माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा पायांवर उभी राहिली नाही, तेव्हा आम्ही भावंडांनी तिला पुण्याबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवले. ‘नर्सिंग होम’ म्हटले की आपल्याकडे अजूनही प्रसूतीचे किंवा छोट्या शस्त्रक्रियांचे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते आणि ‘वृद्धाश्रम’ हा शब्द तर नातेवाईक शक्यतो उच्चारतच नाहीत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद असली, तरी आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांना दार ठोठवावे लागते ते अनामत रक्कम घेणाऱ्या खासगी केंद्राचेच.

जागा पाहायला गेलो त्या दिवशी आम्हाला तुळशीवृंदावन, स्वच्छ फरशी आणि भिंतीवर लावलेले आठवड्याच्या जेवणाचे वेळापत्रक दिसले. रात्री किती मावशी कामावर असतात, हे मात्र आमच्यापैकी कोणीच विचारले नाही. तो प्रश्न चौथ्या महिन्यात सुचला, जेव्हा आईच्या माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल-काळा चट्टा दिसला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. त्या मजल्यावर असे दहा जण होते आणि रात्रपाळीला दोन मावशी. एकेकाची कूस बदलायला, डायपर पाहायला आणि चादर नीट करायला दहा मिनिटे धरली, आणि बहुतेकांना उचलायला दोघीही लागतात हे लक्षात घेतले, तर पहिली फेरी संपून वीस मिनिटे होतात न होतात तोच दुसरी सुरू करावी लागते. हा हिशेब मी संचालकांपुढे मांडला, तेव्हा ते म्हणाले, “तुमच्या आई कुशीवर राहतच नाहीत.” तेही खोटे नव्हते, घरी असतानाही ती पाठीवरच झोपत असे.

इतर कुटुंबांशी ओळख झाली ती व्हरांड्यातल्या बाकावर. दोन महिन्यांतून एकदा येणारे एक गृहस्थ चहा गार असल्याबद्दल इतक्या मोठ्याने भांडत, की आम्हाला तो राग चहाचा नसावा असे वाटे. याउलट, एक बाई रोज येत, स्वतः वडिलांची नखे कापत आणि तक्रारवहीत कधी एक ओळही लिहीत नसत. त्याचे कारण त्यांनी मला एकदाच, हळू आवाजात सांगितले: आपण लिहून निघून जातो, वडील इथेच राहतात. त्यानंतर त्या वहीतले ‘सेवा उत्तम आहे’ हे शेरे मी वेगळ्या नजरेने वाचू लागलो. त्यांपैकी एक माझाही होता, चट्टा दिसल्यानंतरच्या आठवड्यात लिहिलेला.

मावशींविषयी मात्र मला वाईट लिहवत नाही. ब्युरोमार्फत आलेल्या, बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या या बायकांपैकी एकीने आईची वेणी घालण्याची पद्धत शिकून घेतली होती. कामात ते कुठेही मोडत नव्हते. आम्ही आणून दिलेल्या डायपरचा हिशेब मात्र कधीच जुळला नाही, आणि तो काटेकोरपणे मागायची मला लाजही वाटली.

आता मी रविवारी दुपारी न जाता मधल्या एखाद्या वारी, जेवणे उरकल्यावर जातो. आधी आईच्या टाचा पाहतो, मग पाठ. चट्टा भरला आहे. हवेची गादी आम्ही आणली. तिच्या पाण्याचा पेला ज्या स्टुलावर असतो, तो तिचा हात पोहोचणार नाही इतका लांब, भिंतीला लावलेला असतो, कारण फरशी पुसताना तो आड येतो. निघताना मी तो कॉटजवळ सरकवतो. पुढच्या खेपेला तो पुन्हा भिंतीपाशी असतो.