पळायचंय त्याला, पण…

मी व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर आहे, शिक्षण परळच्या कॉलेजातलं, माहेर जुन्नरकडचं, सध्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते. इडिटारॉड या रेसला मी ट्रेल व्हेट म्हणून व्हॉलंटियर केलंय आणि तिथल्या कल्टाग चेकपॉइंटवरची एक केस मला लिहायचीच होती, कारण ही रेस म्हणजे कुत्र्यांवर क्रूरता आहे की नाही असा जो वाद चालतो त्यातला खरा मुद्दा मला तिथे समोर बसलेला दिसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अलास्कात दर मार्चमध्ये अँकरेजपासून नोमपर्यंत साधारण १६०० किमीची कुत्र्यांच्या स्लेजची (बर्फावरच्या घसरगाडीची) रेस होते, १९७३ पासून. स्लेज चालवणाऱ्याला मशर म्हणतात, त्याच्या हातात लगाम नसतो, नुसत्या आवाजावर टीम वळते. सध्याच्या नियमाने जास्तीत जास्त १६ कुत्री आणि नोमला पोचताना निदान ५ तरी जुंपलेली असली पाहिजेत. एक २४ तासांची आणि दोन ८-८ तासांची सक्तीची विश्रांती असते. ही कुत्री म्हणजे फोटोतले झुबकेदार हस्की नव्हेत, अलास्कन हस्की, वीस-पंचवीस किलोची, सडपातळ, लांब पायांची, आपल्या गावात दिसली तर लोक म्हणतील याला कोणी खायला घालत नाही का. प्रत्यक्षात रेसच्या दिवसांत एकेक कुत्रं दिवसाला दहा हजार कॅलरीच्या वर खातं.

कल्टाग हे युकॉन नदीवरचं छोटं गाव. इथून ट्रेल नदी सोडते आणि पुढचा चेकपॉइंट, समुद्रकिनाऱ्यावरचं उनालाक्लीट, जवळजवळ १३५ किमीवर, मध्ये दवाखाना सोडाच पण गावसुद्धा नाही. म्हणून कल्टागला आम्ही जरा जास्तच कसून बघतो.

त्या रात्री उणे तीसच्या आसपास असेल, स्टेथोस्कोपची नळी थंडीने कडक होते म्हणून ती जाकिटाच्या आत छातीशी धरून फिरायचं. एक तरुण मशर आला, आठ कुत्री उरलेली, पहिल्या नंबरांच्या शर्यतीत नव्हता, त्याला फक्त नोम गाठायचं होतं. आल्याआल्या त्याने स्वतःकडे बघितलंसुद्धा नाही, आधी गवत पसरलं, सगळ्यांचे बूट काढले (पायांना कापडी बूट असतात, बर्फाने पंजे फाटू नयेत म्हणून), चुलीवर बर्फ वितळवून मांसाचं गरम पाणी केलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मशर म्हणजे क्रूर माणूस असं धरून चालणारे खूप आहेत आणि हा मुलगा तसा अजिबात नव्हता.

आमची तपासणी ठरलेली असते. हार्ट आणि हायड्रेशन, भूक आणि मूड, वजन, फुफ्फुसं. प्रत्येक मशरकडे एक व्हेट बुक असतं, दर चेकपॉइंटवर व्हेट त्यात नोंद करून सही करतो. सात कुत्री ठीक होती, एकाचं मनगट थोडं सुजलेलं, त्याला मसाज आणि पट्टी. आठवा होता नटमेग, म्हणजे जायफळ, त्याच्या वेतातल्या सगळ्या पिलांची नावं मसाल्यांवरून ठेवलेली. लीड, म्हणजे सगळ्यांत पुढच्या कुत्र्यांच्या लगेच मागे जुंपलेला. त्याच्यासमोरचं भांडं तसंच होतं, वर बर्फाची साय धरायला लागलेली. त्याचा मूड मात्र एकदम मस्त, शेपटी हलतेय, मला चाटतोय.

उजव्या बाजूला खाली कान दिला तर श्वासाबरोबर बारीक चुरचुर. ताप १०४. आता धावून आल्यावर कुत्र्याचं टेंपरेचर वर असतंच, म्हणून मी घाई केली नाही, झोपू दिलं, चार तासांनी परत गेले. गवतात शांत पडलेला, तरी १०४च. आणि मग तो खोकला, ओला, खोल, दोनदा. माझ्या डोक्यात न्यूमोनिया पक्का झाला. स्लेज डॉग मरण्याच्या कारणांत हा नेहमी असतो, कधी उलटीचा अंश फुफ्फुसात जाऊन होतो. या कुत्र्यांमध्ये पोटातले अल्सर इतके सापडतात की संशोधकांनी रेसनंतर तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांत ते दिसले होते, आणि थंड कोरड्या हवेत तासन् तास धापा टाकून श्वासनलिकाही सुजलेल्या असतात.

मी मशरला सांगितलं, याला इथेच ठेव. तो म्हणाला, डॉक्टर, बघा ना त्याच्याकडे.

आणि खरंच बघण्यासारखं होतं. शेजारची टीम निघायची तयारी करत होती, तो आवाज ऐकताच नटमेग ताडकन उठला, दोर ताणून पुढचे पाय हवेत, किंचाळल्यासारखा भुंकत होता. मशर म्हणाला, त्याला जायचंय, मी त्याला ढकलत नाहीये, तो मला ओढतोय. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खोटं बोलत नव्हता.

मला तिथे माझा मामा आठवला. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे बैलगाडा शर्यतीचा नाद केवढा ते सांगायला नको. २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हा मामा फोनवर तावातावाने म्हणाला होता, "अगं तायडे, बैलाला पळायला आवडत नाही असं कोण म्हणतं? घाटात आणून बघ, बारी सुटायच्या आधी कसा फुरफुरतो ते." (घाट म्हणजे शर्यतीचा ट्रॅक, बारी म्हणजे गाड्याची धाव.) पुढे २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी आली, २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, मामा खूश. बैल आणि हस्की यांची तुलना फार ताणण्यात अर्थ नाही, बैलाची जात मुळात पळण्यासाठी नाही आणि हस्कीची पिढ्यान् पिढ्या त्यासाठीच वाढवलेली. पण युक्तिवाद हुबेहूब तोच, त्याला आवडतं. मला दोघांनाही सांगायचंय की हो, आवडतं, मान्य, पण म्हणूनच त्याच्या आवडीवर सोडता येत नाही. न्यूमोनिया झालेलं कुत्रं स्वतःहून थांबत नाही. ज्याचं जिंकण्या-हरण्यात काही अडकलेलं नाही अशा कोणीतरी थांबवावं लागतं.

मी त्याला शांतपणे म्हटलं, पुढे १३५ किलोमीटर आहेत, मध्येच कोसळला तर तू त्याला स्लेजमध्ये घालून नेशील, पण औषध कुठून आणशील? नाहीच ऐकलं असतं तर मी रेस जजकडे गेले असते, तशी सोय आहे, पण वेळ आली नाही. तो नटमेगजवळ गुडघ्यावर बसला, त्याच्या मानेत तोंड खुपसून काही वेळ राहिला आणि उठून कागदावर सही केली. एकदा परत केलेलं कुत्रं पुन्हा टीममध्ये घेता येत नाही, त्यामुळे ती सही सोपी नसते. टीम निघाली तेव्हा नटमेग साखळीच्या टोकाला उभा राहून रडत होता, मी त्याला अँटिबायोटिक टोचत होते आणि त्याचं माझ्याकडे लक्षसुद्धा नव्हतं. उजाडल्यावर व्हॉलंटियर पायलटचं छोटं विमान आलं, त्यातून तो गेला. अँकरेजला एक्स-रे काढला, उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा. वाचला. मशर सात कुत्र्यांनिशी नोमला पोचला.

आता यावरून कोणी म्हणेल की बघा, सिस्टिम चालते. रेसच्या दिवसांपुरती बऱ्यापैकी चालते, हे मी स्वतः बघितलंय. रेसआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी आणि रक्ततपासणी होते. तरीही २००९ साली सहा कुत्री मेली, मग २०१० ते २०१२ एकही नाही, २०२४ ला पुन्हा तीन. २०१३ मध्ये तर रेसमधून काढून उनालाक्लीटला ठेवलेलं कुत्रं वादळात बर्फाखाली गाडलं जाऊन गुदमरून मेलं. म्हणजे थांबवलं की काम संपलं असंही नाही.

पण माझी खरी काळजी उरलेल्या साडेअकरा महिन्यांची आहे. केनेलमध्ये, म्हणजे मशर कुत्री पाळतात त्या जागी, साखळीला बांधलेली कुत्री, म्हातारी झालेली, संघात न बसणारी पिल्लं, त्यांचं काय होतं ते बघायला तिथे व्हेट बुक नाही. अलास्काच्या प्राणी-क्रौर्याच्या कायद्यात सर्वमान्य पद्धतीच्या डॉग मशिंगला सूटच दिलेली आहे. आंदोलन करणाऱ्यांचे पोस्टर मला अनेकदा एकांगी वाटतात, सरसकट बंदी मागणाऱ्यांत मी नाही, पण साखळ्यांबद्दल ते बोलतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. ज्याला रेसला नाव द्यायचंय त्याच्या केनेलची वर्षातून निदान दोनदा, न सांगता, बाहेरच्या व्हेटने तपासणी करावी आणि पैदास झालेल्या प्रत्येक पिल्लाची नोंद शेवटपर्यंत ठेवावी, हे मी रेसनंतरच्या फीडबॅकमध्ये लिहून दिलंय. त्या मशरलाही मेलमध्ये कळवलं. त्याचं उत्तर आलं की नटमेग आता खातोय, आणि या उन्हाळ्यात माझं केनेल बघायला या. मी हो म्हटलंय, आणि एक दिवस आधी फोन करून येणार नाही हेही कळवलंय.